गंगेच्या मागं मागं

१६ नोव्हेंबर २०२३, गुरुवार. गंगाखेड

आत्याबाई येणार म्हणे! माझ्यासोबत. समुद्रापर्यंत.

एकटीनं जायचं ठरवलं होतं. शाळेत भूगोल शिकवते, दरवर्षी नकाशावर गोदावरीवरून बोट फिरवते – गंगाखेड, नांदेड, भद्राचलम, राजमुंद्री, समुद्र – आणि स्वतः पाहिलेली नदी नांदेडच्या पलीकडं नाही. गाडी घेतली तेव्हाच मनात होतं, दिवाळीच्या सुट्टीत हिच्या काठाकाठानं टोकापर्यंत जायचं. आज भाकरी थापताना सहज बोलून गेले. आत्याबाईंनी तवा उतरवला. गंगा – आमच्याकडं गोदावरीला गंगाच म्हणतात – कुठं जाऊन पडते ते त्यांनाही बघायचंय म्हणाल्या. जन्मभर तिच्या काठी मेंढरं चारली, लोकर कातरायच्या आधी तिच्यातच धुतली, पण पुढं तिचं काय होतं कुणी सांगितलं नाही.

नाही कसं म्हणणार?

खरं कारण इथंच लिहिते, दुसरीकडं कुठं लिहिणार. योगीराजला उत्तर द्यायचंय. दिवाळीच्या आधी त्यानं लग्नाचं विचारलं. सुट्टी संपेपर्यंत वेळ मागून घेतला. एकटीनं विचार करावा म्हणून तर हा प्रवास काढला. आणि जिच्यासाठी एवढा विचार करायचा, ती माझी सासूच आता शेजारच्या सीटवर!

१७ नोव्हेंबर, शुक्रवार. बासर

निघालो. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, पाण्याचा कॅन आणि आत्याबाईंची घोंगडी. घोंगडी कशाला म्हटलं तर ऐकलं नाही. शेजारच्या दगडाबाई गल्लीत उभ्या. बॅटरीची गाडी रानात बंद पडली तर ढकलणार कोण, हे त्यांनी दोनदा विचारलं. आत्याबाईंनी सांगितलं, ही ढकलंल, मी आत बसंन.

गाव सोडताना गंगेच्या काठाशी काच खाली करायला लावली, हात जोडले. मग बराच वेळ कान देऊन बसल्या. शेवटी म्हणाल्या, गाडी चालू हाय का बंद? आवाज नसलेली गाडी त्यांना पटत नाही. पण पालमच्या पुढं रस्त्यावर शेरडं आडवी आली. आवाज नाही, त्यामुळं ती ढिम्म हलेनात. मी हॉर्नकडं हात नेला तोवर आत्याबाईंनी खिडकीतून डोकं काढून असा काही हाकारा घातला, की शेरडं एका रांगेत कडेला! गुराखीसुद्धा बघत राहिला.

नांदेडला चार्जिंगला लावली. गाडी जेवायला लागली म्हणजे तासभर निवांत. आत्याबाई इकडंतिकडं हिंडून आल्या, तिथल्या वॉचमनचं गाव, कूळ, पोरंबाळं सगळं माहीत करून आल्या. मी चहा घेत बसले. मला हे बसणं आवडलं. कधी बसते मी अशी?

संध्याकाळी तेलंगणाच्या हद्दीवर पोलिसांनी अडवलं. तिकडं निवडणूक आहे, प्रत्येक गाडी तपासतायत. पोलीस तेलुगूत काहीतरी विचारायला लागला, मी हिंदीत जुळवाजुळव करतेय, तेवढ्यात आत्याबाईंनी उत्तर दिलं. तेलुगूत! पोलीस हसला, डिकी लावून घेतली, जा म्हणाला.

इतकी वर्षं एका घरात राहतो. त्यांना तेलुगू येतं हे मला ठाऊक नव्हतं.

१८ नोव्हेंबर, शनिवार. धर्मपुरी

आज त्या बोलत राहिल्या आणि मी गाडी चालवत राहिले.

लग्न होऊन आल्या तेव्हा कळपामागं चालायच्या. पावसाळा सरला की मेंढरं घेऊन या मुलखात यायचं – बोधन, निर्मळ, कधी त्याच्याही पुढं. शेतकरी रानात मेंढरं बसवून घ्यायचे, खतासाठी. बदल्यात जोंधळा मिळायचा. भुजंगमामा – म्हणजे माझे सासरे, मी त्यांना फोटोतच पाहिलं – पुढं, आत्याबाई मागं, घोड्यावर बिऱ्हाड. तेलुगू बायांकडून मीठ-मिरची मागता मागता भाषा आली. मग हरिओम शाळेत जायच्या वयाचा झाला आणि त्यांनी कळप दिरांना देऊन टाकला. पोरगं शिकलं पाहिजे म्हणून गंगाखेडला खोली केली. मामा गेल्यावरही गावी परतल्या नाहीत.

निर्मळच्या अलीकडं एका ओढ्यापाशी गाडी थांबवायला लावली. हाच का तो ओढा, त्यांना नक्की सांगता येईना. आता तिथं हळदीचं शेत आहे. उतरून उभ्या राहिल्या, परत आल्या. त्यो न्हाई वाटतं, म्हणाल्या. पण चेहरा प्रसन्न होता.

पोचमपाडच्या धरणाचं पाणी – नजर पोचेना! मुलांना सांगताना मी 'विस्तीर्ण जलाशय' म्हणते. आता तसं म्हणणार नाही. काय म्हणेन ते बघू.

योगीराजचा फोन आला. उद्या कुठं चार्जिंग आहे, कुठं नाही, सगळं त्यानं शोधून ठेवलेलं. आत्याबाई शेजारीच. मी आपली 'हो सर, बरं सर'. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, कोण. परभणीच्या कॉलेजातले सर, त्यांच्याकडंही अशीच गाडी आहे, म्हटलं. खोटं नाही. पण खरंही नाही ना ते.

लय काळजी घेतो, एवढंच म्हणाल्या.

१९ नोव्हेंबर, रविवार. मंचेरियाल

पहाटे धर्मपुरीच्या घाटावर दोघी आंघोळीला. मी पायऱ्यांवर बसून, त्या पार गळ्यापर्यंत. दिवसभर ओल्या केसांनी गाडीत गुणगुणत होत्या. आज याच्यापेक्षा जास्त काही घडलं नाही. असे दिवस असावेत.

२१ नोव्हेंबर, मंगळवार. भद्राचलम

काल लिहायला जमलं नाही. काल आमची फजिती झाली, आणि मला वाटतं, सबंध प्रवासातला सगळ्यात चांगला दिवसही तोच.

सकाळी काळेश्वर. प्राणहिता येऊन मिळते तिथं – पलीकडच्या काठाला सिरोंचा, म्हणजे आपला महाराष्ट्रच! आत्याबाईंना हे काही केल्या पटेना. आपण इतकं लांब आलो आणि पलीकडं अजून महाराष्ट्रच कसा? मी वाळूत काडीनं नकाशा काढून दाखवला. त्या नकाशाकडं कमी आणि पाण्याकडं जास्त बघत होत्या. दोन नद्यांचं पाणी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतं, रंग वेगळे राहतात. कुठं एक होतं ते शेवटपर्यंत सापडलं नाही.

पुढचा रस्ता जंगलातला. योगीराजनं सांगितलं होतं, या पट्ट्यात एकच चार्जिंग आहे, तिथं गाडी पूर्ण भरून घे. पोचलो तर मशीनवर फडकं टाकलेलं, काम चालू. कधी सुरू होईल कुणालाच माहीत नाही. मागं फिरावं तर तेवढी बॅटरी नाही, पुढं जावं तर त्याहून नाही. एसी बंद केला. बैलगाडीच्या चालीनं चालले. टक्के एकेक करून उतरताना बघणं म्हणजे शिक्षाच! योगीराजला फोन लावावा तर रेंज नाही. आत्याबाई मात्र खिडकीतून सागाची झाडं बघतायत. मी चिडले. म्हटलं, इथं आपण अडकणार आहोत, तुम्हाला काही वाटतं का? त्यांनी सांगितलं, समोर ती धूळ उडायलीय ना, ती मेंढरं आहेत, दिवस कललाय, म्हणजे घराकडं निघालीत. त्यांच्या मागं गाडी घाल.

घातली. कळप एका वस्तीत शिरला. चार-पाच घरं, पत्र्याची, कुडाची. कळपामागं एक बाई होती, आत्याबाईंच्याच वयाची – लच्चव्वा. आत्याबाई उतरल्या, पदर सावरला, तिच्याशी बोलायला लागल्या. मी स्टिअरिंग धरून बसलेली. दोघी आधी मेंढरांबद्दलच बोलल्या असणार, कारण लच्चव्वानं एक कोकरू उचलून आत्याबाईंच्या हातात दिलं आणि यांनी त्याचं तोंड उघडून दात बघितले. मग कधीतरी गाडीचा विषय निघाला.

लच्चव्वाचा मुलगा राजय्या हैदराबादेत बांधकामावर होता, हिंदी बोलतो. मी त्याला घरचा प्लग चालेल असं सांगितलं. त्याला काळजी, घराची वायर जळेल. मग त्यानं पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून जाड वायर ओढून आणली. गाडीत दिवा लागला. इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही होत नाही! पण घरच्या विजेवर हिचं पोट भरायला रात्र लागते. राहावंच लागणार. लच्चव्वानं विचारलंच नाही, भात टाकला.

घोंगडी कामाला आली. दोघींनी तीच अंगणात अंथरली.

जेवणं झाल्यावर त्या दोघी बोलत बसल्या होत्या. मी बाजूला, अर्धवट ऐकत. तेलुगू मला कळत नाही. आवाज नुसते येत होते, वर-खाली. आणि मध्येच – हरिओम. परत काहीतरी. परत हरिओम. मी वळून बघितलं नाही. दोन वर्षं उलटून गेली कोरोनाच्या त्या साथीला. आम्ही दोघी एका घरात, एका चुलीवर, आणि त्याच्या जाण्याबद्दल आत्याबाई माझ्यापाशी एक अक्षर बोललेल्या नाहीत. मीही नाही. कोण आधी बोलणार? परभणीच्या दवाखान्यातून फोन आला तो मी घेतला होता. आत्याबाई दारात उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडं बघितलं आणि त्यांना कळलं. सांगायची वेळच आली नाही. नंतरही कधी आली नाही.

काल त्या सगळं सांगत होत्या. परक्या बाईला, परक्या भाषेत. सुरुवातीपासून सांगत असणार, कारण मध्ये दोघी हसल्यासुद्धा. शेवटी लच्चव्वानं त्यांचा हात हातात घेतला. मी घोंगडीवर आडवी झाले, तोंड त्यांच्याकडंच ठेवलं. ऐकत राहिले. माझ्या नवऱ्याचं नाव कुणी इतक्या वेळा घेतलेलं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं. बरं वाटलं. रडू आलं नाही असं नाही – पण बरं वाटलं.

सकाळी निघताना लच्चव्वानं हळदी-कुंकवाची वाटी आणली. निघणाऱ्या पाहुणीला लावायची त्यांची रीत. आत्याबाईंनी मान हलवली, त्यांना लावलं नाही. मग ती माझ्याकडं आली. मी मागं सरले. तिला सगळं माहीत होतं, काल ऐकलं होतं ना. तरी तिनं माझी हनुवटी धरली आणि कुंकू लावलं. मी आत्याबाईंकडं बघितलं, पुसायला हात वर नेला.

"ऱ्हाऊ दे," आत्याबाई म्हणाल्या.

भद्राचलमला पोचेपर्यंत आरशात बघायचं धाडस झालं नाही. मग बघितलं.

२२ नोव्हेंबर, बुधवार. राजमुंद्री

इथं गंगा एवढी रुंद आहे की पूल संपतच नाही. आत्याबाई एका काठाला झोपल्या आणि दुसऱ्या काठाला जाग्या झाल्या!

रात्रीच्या जेवणात चिंचेच्या रश्श्यातला मासा. आत्याबाईंनी आधी नाक मुरडलं, मग ताट चाटून पुसून. नंतर सांगितलं की उद्या एकादशी आहे, म्हणून आजच खाऊन घेतलं.

आज ठरवलं. उद्या सांगायचं. गेल्या दोन दिवसांत आम्ही आधी कधी नव्हतो अशा झालोय. हरिओमचं नाव आता गाडीत येतं. आज मी म्हटलं, त्याला हा मासा आवडला असता. त्या म्हणाल्या, काटे काढून मलाच द्यावं लागलं असतं. एवढं बोलता येतं, तर तेही बोलता येईल.

योगीराजबद्दल मी इथं कधी नीट लिहिलेलं नाही. लिहिते. बहिणींची लग्नं करता करता त्याचं राहून गेलं. बोलतो कमी. मागच्या वर्षी आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शनाला परीक्षक म्हणून आला होता. मुलांच्या मोडक्या पवनचक्कीसमोर खाली मांडी घालून बसला, ती फिरेपर्यंत उठला नाही. मला तेव्हाच आवडला असणार, कळलं उशिरा. तो सोबत असला की मी मोठ्यानं हसते. आधीही हसायची मी. मध्ये विसरले होते.

अडचण एकच आणि तीच सगळ्यात मोठी. मी त्याच्या घरी परभणीला गेले तर आत्याबाईंचं काय? हरिओमचे दिवस झाल्यावर त्यांचे भाऊ ग्यानबामामा म्हणाले होते, पोरीला माहेरी पोचवून येतो. आत्याबाईंनी सांगितलं, तिला इचारा. मी राहिले. तेव्हा माझी आई होती, तीही मग गेली. आता त्यांना मी आणि मला त्या. त्यांनी मला ठेवून घेतलं आणि मी त्यांना सोडून जायचं?

बघू. उद्या.

२३ नोव्हेंबर, गुरुवार. अंतर्वेदी

पोचलो!

नारळाच्या बागांतून रस्ता, दोन्ही बाजूंना पाण्याचे पाट. मग झाडं संपली, वाळू लागली. गाडी उभी केली आणि पुढं पायी. आत्याबाई चपला हातात घेऊन झपाझप. मी मागं राहिले.

समुद्र त्यांनी पहिल्यांदा पाहिला. आधी उजवीकडं बघितलं, मग डावीकडं. मग विचारलं, यातली गंगा कोणती? मी दाखवली – इकडून येतेय, गढूळ, संथ, आणि इथं लाटा तिला मागं लोटतायत. त्या तिथंच गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. एक चूळ भरली. खारट! थुंकून टाकली आणि इतक्या हसल्या की शेजारची कोळीण बघायला लागली. दहा पावलं मागं येऊन परत चूळ भरली. थोडी गोड हाय अजून, म्हणाल्या.

मग वाळूत बसलो. एकादशीचे शेंगदाणे खाल्ले. वारा होता. इतकं छान वाटत होतं की म्हटलं, आत्ताच.

"आत्याबाई, ते परभणीचे सर आहेत ना, योगीराज. त्यांनी मला लग्नाचं विचारलंय."

त्या वाळूवर हात फिरवत होत्या. थांबल्या.

"कवा?"

"दिवाळीच्या आधी."

"आन् तू काय म्हनलीस?"

"अजून काही नाही. तुम्हाला विचारल्याशिवाय –"

त्यांनी पुढं ऐकलं नाही. उठल्या. लुगडं झटकलं, पाण्यापर्यंत गेल्या, पाय धुतले, आल्या.

"चल. ऊन लय झालं."

ऊन नव्हतंच.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार. विजयवाडा

परतीचा रस्ता मोठा, सरळ. चार्जिंगची काही अडचण नाही. गाडी छान चालतेय.

आत्याबाई बोलत नाहीत. रागावलेल्या दिसत नाहीत. विचारलं तर उत्तर देतात – चहा घ्यायचा का, घेऊ. थांबायचं का, थांब. पण खिडकी खाली करायला सांगितली नाही. वाटेत एवढी मेंढरं लागली, बघितलीसुद्धा नाहीत.

योगीराजचा फोन आला, उचलला नाही.

काय करून बसले मी! आठ दिवसांत जे मिळालं होतं ते एका वाक्यात घालवलं. त्यांनी मुलगा गमावलाय, आणि मी त्यांना समुद्रावर नेऊन सांगते की त्याच्या जागी दुसरा येतोय. त्यांना असंच ऐकू आलं असणार. दुसरं कसं ऐकू येईल?

मी नाही म्हणणार आहे. ठरलं. योगीराजला वाईट वाटेल, पण तो समजून घेईल. आणि मला काही दुःखात राहायचं नाही. मला माझी शाळा आहे, ही गाडी आहे, आत्याबाई आहेत. उन्हाळ्यात परत कुठंतरी जाऊ. कृष्णेच्या मागं जाऊ. हे मी मनाला समजवायला लिहीत नाही. काल वाळूत बसले होते तेव्हा मी खरंच सुखी होते, आणि ते सुख बरंचसं यांच्यामुळं होतं. तेवढं पुरतं माणसाला.

पुरतं ना?

२५ नोव्हेंबर, शनिवार. हैदराबाद

गाडी चार्जिंगला लावून मी पाण्याची बाटली आणायला गेले. परत येते तो आत्याबाई गाडीच्या आडोशाला फोनवर. ग्यानबामामांशी बोलत होत्या, आवाज चढलेला. मला बघितलं आणि फोन ठेवून दिला.

गावी भावाकडं राहायला जायचं बोलत असणार. मी जाईन या भीतीनं त्याच आधी निघणार. उद्या घरी पोचायच्या आत सांगून टाकते – मी कुठं जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

२६ नोव्हेंबर, रविवार. घरी

बीदरच्या पुढं सांगितलं. योगीराजला नाही म्हणणार आहे म्हटलं, त्या दचकून माझ्याकडं वळल्या. काऊन? मी म्हटलं, तुम्ही तीन दिवस बोलत नाही, म्हणून. तर म्हणाल्या, इच्चार करायलेय न्हवं का! तुला माय न्हाई, बाप न्हाई, कन्यादानाला पोरीकडून कोन बसनार? ग्यानबा बस म्हनलं तर न्हाई म्हनतो. सासरच्या मानसांनी सुनंचं लगीन लावायचं नसतं म्हनं. आन् बाईमानसानं, त्यात नवरा नसलेल्या, तर मुळीच बसायचं नसतं म्हनं. मी त्याला सांगून टाकलं, तू नगं येऊस.

मग सीटबेल्ट सारखा केला, समोर बघत म्हणाल्या, "पोरीकडून मी बसते."

मला पुढचा रस्ता दिसेना. गाडी बाजूला घेतली.